जांभ्याखालचा काळा तुकडा

हे मार्चमधलं आहे. रिपोर्ट गेला, बिल अडकायचं तेवढं अडकून निघालं पण, तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय.

जिऑलॉजिस्ट म्हटलं की लोकांना हातोडा घेऊन डोंगर चढणारी बाई डोळ्यासमोर येते. मी बहुतेक वेळ छत्रीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर असते, शेजारी रिग, म्हणजे जमिनीत होल पाडायचं यंत्र, धडधडत असते, आणि दर दीड मीटरला (त्याला रन म्हणतात) बॅरल, म्हणजे पोकळ नळी, वर आली की आतून निघालेला साडेपाच सेंटिमीटर जाडीचा दगडाचा दांडका पेटीत क्रमाने लावायचा, मोजायचा, लिहायचा. दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज भागिले रनची लांबी, ती टक्केवारी म्हणजे आरक्यूडी, दगड किती अखंड आहे त्याचं माप. त्यावरून पाया किती खोल घ्यायचा ते ठरतं. निदान ठरायला पाहिजे.

जागा रत्नागिरीच्या दक्षिणेला एका सड्यावर, पाण्याची उंच टाकी होणार होती. सडा म्हणजे सपाट काळपट कातळ, मार्चमध्ये नुसता तवा, आणि दगड सगळा जांभा. अशाच सड्यांवरची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. इतक्या जुन्या रेघा ज्या दगडावर अजून दिसतात तो एक टाकी पेलणार नाही का, असा तिथल्या सगळ्यांचा हिशोब. कंत्राटदाराचा माणूस सकाळीच म्हणाला, "मॅडम, कातळच आहे हो, पाच मीटर मारू आणि उद्या निघू." टेंडरमध्ये लिहिलेलं असतं, कठीण खडकात तीन मीटर गेलं की होल बंद, आणि मीटरमागे पैसे ठरलेले असले तरी खोल जायची हौस कुणालाच नसते कारण रिग पुढच्या साइटवर हवी असते.

पहिले तीन रन सरळ गेले. लाल-पिवळा, भोकाभोकाचा जांभा, रिकव्हरी, म्हणजे रनमधला हाती आलेला दगड, साठ टक्क्यांच्या आसपास, आरक्यूडी विसाच्या पुढे नाही. ड्रिलिंगला सोडलेलं पाणी वर येईना, पण जांभ्यात ते होतंच, भोकांतून कुठेतरी निघून जातं. साडेचार मीटर झाले तेव्हा जेवायला सड्याच्या कडेने खाली वाडीत गेलो. हात धुवायला म्हणून मागे गेले तर जांभ्याच्या कड्याखालून पाणी झिरपत होतं, मार्चमध्ये, आणि त्याच्या खालचा उतार पांढरट-गुलाबी मातीचा, बोटाने दाबली तर साबणासारखी. वरचं पाणी जांभ्यातून आरपार उतरतं, ह्या मातीला अडतं आणि कडेने बाहेर येतं. म्हणजे आमच्या होलखाली पण हीच माती असणार, किती खाली एवढाच प्रश्न. जेवणात लक्ष लागलं नाही.

परत येऊन म्हटलं थांबायचं नाही. कंत्राटदाराच्या माणसाने चार फोन केले. रिगवरचे मामा मात्र काही बोलले नाहीत, पंचवीसेक वर्षं हेच करतायत, त्यांनी लिव्हरवर हात ठेवला आणि सुरू केलं. साडेआठ मीटरला त्यांनी हात उचलला. "मॅडम, गेला." बिट, म्हणजे ड्रिलचं टोक, एकदम खाली बसला होता, लोण्यात सुरी जावी तसा. केसिंग, म्हणजे होलात बसवायची लोखंडी नळी, खाली ढकललं तसं पाणी वर यायला लागलं, दुधात गुलाबी रंग टाकावा तसं. ह्या मातीला आमच्यात लिथोमार्ज म्हणतात. तिथे एसपीटी घेतली, म्हणजे जमीन किती घट्ट आहे ते बघायची चाचणी, साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून सोडायचा आणि ठोके मोजायचे. वर जांभ्यात पन्नास ठोक्यांनी जागची न हललेली नमुना घ्यायची नळी इथे अकरा ठोक्यांत पूर्ण आत गेली. कातळ म्हणे.

खरी मजा त्याच्यापुढे. तेरा मीटरच्या आसपास पाणी काळं झालं. मामांनी बॅरल उघडली तर राखाडी-काळी चिकणमाती, सडलेल्या अंड्याचा वास, आणि मधोमध बोटाएवढा काळा तुकडा, चपटा, एका बाजूने चकाकणारा. पाणी मारून धुतला तर त्यावर लाकडाचे तंतू दिसत होते. लिग्नाइट! रत्नागिरीच्या आसपास जांभ्याखाली विहिरी खणताना असं कोळशासारखं लाकूड निघाल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत, मी कॉलेजात वाचलेलं, परीक्षेत दोन मार्कांना लिहिलेलं, पण हातात पहिल्यांदा आलं. मायोसीन काळातलं मानतात, म्हणजे साधारण सव्वादोन कोटी ते अर्धा कोटी वर्षांपूर्वीच्या मधलं. सोळा मीटरला कुजलेला बेसॉल्ट लागला आणि एकोणीसला एकदाचा खणखणीत.

हेल्परचं काम करणारा पोरगा बारावी झालेला. त्याने विचारलं, "मॅडम, पुस्तकात दगड तीनच प्रकारचे आहेत ना, मग ह्या पेटीत कुठले?" तर सगळ्यात खालचा काळा म्हणजे अग्निजन्य, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा निघाला, थरावर थर पसरला आणि थंड झाला. त्याच्यावरची काळी माती म्हणजे स्तरित, कुठल्यातरी खाडीत-दलदलीत गाळ आणि झाडं साचत गेली, त्यावर आणखी गाळ बसला, दाब पडला. रूपांतरित ह्या पेटीत नाही, त्यासाठी दक्षिणेला कणकवली-सावंतवाडीकडे जायचं, तिथे नाइस मिळतो, जमिनीत खोल दाबाने आणि उष्णतेने न वितळताच बदललेला, पट्ट्यापट्ट्यांचा. "आणि जांभा?" जांभा ह्यातला कुठलाच नाही धड. चार महिन्यांत तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस आणि मग आठ महिने ऊन, असं लाखो वर्षं चाललं की खडकातली सिलिका, चुना, सोडियम, मॅग्नेशियम सगळं धुऊन जातं आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. उरलासुरला दगड. फ्रान्सिस बुकॅनन ह्या स्कॉटिश डॉक्टरने केरळात बघितलेल्या ह्या दगडाला 1807 च्या पुस्तकात लॅटराइट नाव दिलं ते विटेच्या लॅटिन शब्दावरून, कारण ओला असताना कापता येतो आणि हवेवर कडक होतो, आपले चिरे तसेच तर काढतात. पोरगा म्हणाला, "म्हणजे वरून कडक, आतून भुसभुशीत." मी हे रिपोर्टमध्ये चार पानांत लिहिलंय.

तिसऱ्या दिवशी खात्याचे साहेब आले. लिग्नाइटमध्ये पाणी खूप असतं, हवेवर ठेवलं की आक्रसतं, तडकतं. मी ओल्या फडक्यात गुंडाळून वर प्लॅस्टिक लावलेलं, पण फोटोसाठी कुणीतरी उघडलं आणि तसंच उन्हात ठेवलं. साहेबांना दिसला तो पापुद्र्यांचा चुरा. म्हणाले, "हा चुलीतला कोळसा कुणी टाकला पेटीत?" आणि माझ्याकडे बघून, मीटर वाढवायला लोक काय काय करतात. मामा पहिल्यांदा बोलले, म्हणाले साहेब, शेजारी दुसरं होल मारतो, तुम्ही खुर्ची टाकून बसा. साहेब बसले नाहीत. होल मारलं, काळी माती तिथेही निघाली, तेव्हा त्यांचा फोन लागेना.

रिपोर्टच्या फॉर्मॅटमध्ये एक रकाना आहे, 'खडकाचा प्रकार', त्यात निवडायला इग्नियस, सेडिमेंटरी, मेटामॉर्फिक एवढंच. इतर नाही. जांभ्यासमोर ह्यावेळी रिकामं सोडलं तर फाइल सबमिटच होईना. शेवटी खाली टीप लिहून पाठवलं. पाया त्यांनी कसा घेतला माहीत नाही, डिझाइन आमच्यापर्यंत कधीच येत नाही.

पण डोक्यात हे होल नाहीचये. दोन वर्षांपूर्वी अशाच दुसऱ्या एका सड्यावर, अशाच टाकीसाठी, मीच लॉग केलेलं होल आहे ते. परवा त्याचा लॉग, म्हणजे नोंद, शोधून काढला. "0.0 ते 5.0 मी. कठीण जांभा. होल थांबवले." प्रकार: इग्नियस. खाली माझी सही. त्या दिवशी मला पुण्याची गाडी पकडायची होती आणि कडेला कुठे झरा आहे का ते मी बघितलं नव्हतं. खाली काय आहे मला माहीत नाही, तिथे बेसॉल्ट सहा मीटरवर पण असू शकतो. तपासायला तीन होलांचा खर्च आणि एक पत्र, एवढं पुरे आहे. पत्र लिहून ठेवलंय, दोन आठवडे ड्राफ्टमध्ये आहे.

टाकी उभी आहे. त्या गावातल्या एकाने काल फोटो पाठवला, टाकी भरून वरून पाणी वाहतंय, सड्यावर सगळं ओलं. मी खांबांच्या बुडाशी झूम करत गेले, फोटो फाटेपर्यंत.