बार्सिलोनात मारेनोस्ट्रम बघायला जाताय? मग हे वाचा

वास्तुकार गौडीच्या इमारतींपाशी होणाऱ्या गर्दीतून सुटका हवी असेल तर बार्सिलोना सुपरकॉम्प्युटिंग सेंटरला एक सकाळ जरूर द्या. मारेनोस्ट्रम हा तिथला महासंगणक. भेट मोफत आहे, पण केंद्राच्या वेबसाइटवर आधी नोंदणी हवी. कॅटलान नि स्पॅनिशच्या गर्दीत इंग्रजी गट नीट बघून निवडा. ऑगस्ट टाळलेला बरा, तेव्हा अर्धा स्पेन सुट्टीवर असतो.

मेट्रोच्या हिरव्या एल-३ मार्गावर पालाउ रेआलला उतरून चालत जाता येतं. विमानतळावरून थेट येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, दहा फेऱ्यांचं टी-कॅज्युअल तिकीट विमानतळाच्या मेट्रो स्टेशनांवर चालत नाही.

आधी तोरे जिरोनाचं चॅपेल. कमानी, रंगीत काचा आणि मधोमध खोलीएवढी काचेची पेटी. २००५ पासून मारेनोस्ट्रमच्या चार पिढ्या इथेच नांदल्या, आता इथे क्वांटम संगणक आहे. फोटो झकास येतात, म्हणून बरेचजण इथेच रेंगाळतात. पण आकडेमोडीचं दळण दळलं जातं ते शेजारच्या नव्या इमारतीत. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या मारेनोस्ट्रम ५ ची कमाल क्षमता ३१४ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला ३,१४० कोटी कोटी गणितं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेतला अर्का महासंगणक ११.७७ पेटाफ्लॉप्सचा. दिसायला मात्र नुसती काळी कपाटं! बघायचे ते पाण्याचे नळ. इतकी वीज खाणाऱ्या चिप्स नुसत्या हवेने थंड होत नाहीत, पाणी थेट त्यांच्यापाशी खेळवावं लागतं.

मार्गदर्शकाला आकडे विचारू नका, ते फलकावर असतात. सध्या यावर काय चालतं ते विचारा. पृथ्वीची संगणकीय प्रतिकृती उभारणाऱ्या युरोपच्या 'डेस्टिनेशन अर्थ' प्रकल्पाची हवामान-प्रारूपं इथे आणि फिनलंडच्या लुमी महासंगणकावर चालतात, पृथ्वीचे पाच-दहा किलोमीटरच्या चौकटींत तुकडे करून. जुन्या जागतिक प्रारूपांत चौकट शंभरेक किलोमीटरची असायची. तेवढ्या एका चौकटीत कोकण, सह्याद्री आणि देश तिन्ही बसतात, मग घाटमाथ्याचा पाऊस नेमका कुठून कळणार?

युरोपात पीएचडी किंवा पोस्टडॉक करणाऱ्यांसाठी वेगळं सांगणं. इथे महासंगणकाचा वेळ मिळवायला तुम्ही स्पॅनिश असावं लागत नाही. तुमची संस्था युरोएचपीसी या युरोपच्या सामाईक महासंगणक उपक्रमाच्या सदस्य देशातली असली की अर्ज करता येतो आणि खुल्या संशोधनाला पैसे पडत नाहीत. एकदम मोठा अर्ज करू नका. आधी छोटा 'बेंचमार्क अ‍ॅक्सेस' घ्या, कोड किती नोड्सपर्यंत (महासंगणकातले सुटे संगणक) नीट वेग घेतो त्याचा आलेख काढा. मोठ्या अर्जात तोच विचारतात.