एक तरी नवा भाग

आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात असतं. देवगड तालुक्यातली जांभ्याच्या भिंतींची, मंगलोरी कौलांची शाळा. मागे कलमांची बाग, बागेच्या पलीकडे खाडी. त्या दिवसांत कलमं मोहोरावर आलेली असतात. मुंबईहून रात्रीच्या गाडीला बसून पहाटे मी कणकवलीला उतरतो, तेव्हा माझ्या हातात एक आंब्याची पेटी असते. पेट्या सगळ्या देवगडातून मुंबईला जातात, माझी तेवढी मुंबईहून देवगडला येते. आत टी-५५ या सोव्हिएत रणगाड्याचं एकास पस्तीस मापाचं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं मॉडेल असतं, खालून दोन स्क्रू मारून फळीला आवळलेलं. पेंढा घालत नाही, कारण पेंढ्याची एक काडी पितळी कडीत अडकली की कडी गेलीच.

संमेलनात नाच, नाटुकली, बक्षीस समारंभ हे सगळं असतंच. पण माजी विद्यार्थी मंडळाचं खरं आकर्षण म्हणजे चित्रकलेच्या वर्गातलं मॉडेलांचं प्रदर्शन. बाकं जोडायची, त्यावर पांढऱ्या चादरी घालायच्या, कडेला ‘हात लावू नये’ अशी पाटी. आमच्या चित्रकलेच्या सरांनी पहिल्याच वर्षी एक नियम घालून दिला होता. जुनं मॉडेल पुन्हा मांडायला हरकत नाही, पण त्यात एक तरी नवा भाग पाहिजे. मागच्या वर्षीचंच जसंच्या तसं आणलं तर ते बाकावर नाही, कपाटावर. या एका नियमाने आमच्यातल्या कितीजणांना वीस-वीस वर्षं एकाच रणगाड्याला बांधून ठेवलं आहे.

माझं किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, तामिया या जपानी कंपनीचं. २००२ साली त्यांनी टी-५५ए काढला. पुढे जहाजावर असलेल्या माझ्या मामेभावाने तो परदेशी बंदरातून आणून दिला. दर वर्षी कुठलं तरी पोर विचारतंच, “पस्तीसच का? चाळीस का नाही?” सर सांगायचे ते अजून आठवतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला याच तामियाने पँथर रणगाड्याचं मोटारीवर चालणारं किट बनवलं. आत मोटार आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून आकार ठरला, आणि मग मोजून पाहिलं तर प्रमाण एकास पस्तीस निघालं. पुढे तेच जगभर चाललं. टी-५५ तोफेच्या नळीसकट नऊ मीटर लांब, म्हणजे आमच्या बाकावर पावणेसव्वीस सेंटीमीटर. शेजारी उभा केलेला जवान पाच सेंटीमीटरचा.

किट जोडून झालं की लोकांना वाटतं, झालं काम. खरं काम तिथे सुरू होतं. साच्यातून काढलेलं प्लास्टिक फार पातळ करता येत नाही. एक मिलिमीटर जाडीचं मडगार्ड म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटीमीटर जाडीचा पत्रा! तीन मिलिमीटरचा खरा पत्रा मापात आणायचा तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ काहीतरी हवं. म्हणून पितळी पत्र्यावर आम्लाने कोरलेले भाग वेगळे विकत घ्यायचे. चेकमधली एदुआर्द, पोलंडमधली आबेर ही नावं आम्हाला वर्गातल्या मुलांच्या नावांसारखी पाठ झाली होती. नळीसाठी लेथवर कातलेली अ‍ॅल्युमिनियमची नळी. किटातल्या रबरी पट्ट्याऐवजी पांढऱ्या धातूच्या सुट्या कड्या, एकेका बाजूला नव्वदच्या आसपास, प्रत्येकीत तारेचा तुकडा ओवायचा. टी-५५ला वरचे आधाराचे रोलर नाहीत, त्यामुळे पट्टा चाकांच्या माथ्यावर स्वतःच्या वजनाने लोळतो. रबरी पट्टा हे कधीच करत नाही. धातूच्या कड्या घातल्या आणि पहिल्यांदा पट्टा चाकांवर बसला, त्या संध्याकाळी मी आईला हाक मारून दाखवला होता.

पितळ वाकवण्याआधी तापवावं लागतं, नाहीतर ते उसळी मारून परत सरळ होतं. आम्ही निरांजनाच्या ज्योतीवर तापवायचो. चिमट्यात भाग धरायचा, ज्योतीच्या टोकाला न्यायचा, रंग फिरला की बाजूला घ्यायचा. थंड झाला की तो कागदासारखा ऐकतो. इंधनाच्या पिंपांचे पट्टे मी असेच गोल केले, बॉलपेनच्या रिफिलीवर गुंडाळून.

कोकणातल्या हवेचं स्वतःचं वेळापत्रक आहे, ते आम्ही ठेचा खात शिकलो. फेव्हिक्विकला घट्ट व्हायला हवेतला ओलावा लागतो. आमच्याकडे तो मुबलक, त्यामुळे जुलैत भाग जागेवर नेईपर्यंत थेंब वाळलेला असतो आणि भोवती पांढरी बुरशी आल्यासारखा थर धरतो. पावसाळ्यात लॅकर फवारलं तर तेही पांढरं पडतं. खाऱ्या वाऱ्यात उघडं पितळ महिन्या-दोन महिन्यांत काळवंडतं. म्हणून श्रावणात कापाकापी आणि कानस, जोडलेल्या पितळावर लगेच अस्तर, आणि रंग दिवाळीनंतर वारा कोरडा झाल्यावर. वर्गात एअरब्रश आला तेव्हा कॉम्प्रेसर नव्हता. जीपची स्टेपनी आणून तिच्या हवेवर फवारायचो. एका स्टेपनीत एक रणगाडा जेमतेम व्हायचा, मग दोघांनी ती घेऊन पंक्चरवाल्याकडे जायचं.

पण मला सांगायचं आहे ते हवालदारकाकांबद्दल.

काका आमच्याच वाडीतले. ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या यंत्र-दुरुस्ती दलातून निवृत्त झालेले. १९७१ला ते नुकतेच भरती झालेले पोरगे होते, पश्चिम आघाडीवर टी-५५च्या वर्कशॉपमध्ये. प्रदर्शनाला ते पहिल्या वर्षापासून येत. पांढरा सदरा, खिशात चष्मा, आणि प्रत्येक बाकापाशी खाली वाकून डोळा रणगाड्याच्या पातळीला आणून बघायची सवय. वरून बघायचे नाहीत. “रणगाडो वरसून कोण बगता? विमान?” असं म्हणायचे. माझ्या एका मित्राने चाकं समान अंतरावर बसवली होती. काका म्हणाले, “पयल्या नि दुसऱ्या चाकात अंतर जास्त आसता. मोजलंस काय?” त्या रात्री मित्राने चाकं उपटली आणि सकाळी प्रदर्शन उघडायच्या आत परत बसवली. माझ्या मडगार्डावर मी उजवीकडे काजळी लावली होती, तर धुराडं डावीकडे असतं हे त्यांनी बोटाने दाखवलं. तोच रणगाडा धुराड्यात डिझेल सोडून स्वतःभोवती धुराचा पडदा करतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं. त्यानंतर तिथलं तेलकट काळं मी तीन वर्षं सुधारत होतो.

ज्या वर्षी मी अ‍ॅल्युमिनियमची नळी आणली, त्या वर्षी माझी मान जरा ताठ होती. आतले आटेसुद्धा कातलेली नळी, टोकाला धूर ओढून घेणारा फुगवटा, सगळं नीट. काका वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “बरी हा. पण मधलो फुगो खंय?”

मला कळेना. टी-५५चा फुगवटा टोकालाच असतो, पुस्तकात तसंच आहे. मग बाकाच्या कडेला टेकून त्यांनी सांगितलं. समोरच्याकडे, म्हणजे पाकिस्तानकडे, चिनी टाइप ५९ होते, आणि टाइप ५९ म्हणजे सोव्हिएत टी-५४चीच चिनी आवृत्ती. धुळीत, लांबून, टी-५५ आणि टाइप ५९ एकसारखे दिसणार. आपलेच आपल्यावर गोळे टाकायचे. आपल्या सेंच्युरियन आणि विजयंत रणगाड्यांच्या नळीला फुगवटा मध्यावर असतो. म्हणून टी-५५च्या नळीवरही मध्ये एक खोटा फुगवटा चढवला, लांबून बघणाऱ्याला ओळख पटावी म्हणून. काका म्हणाले, “आमी बशिवलेलो. ह्या हातान.”

कुठल्याही कंपनीच्या पाकिटात तो भाग माझ्याकडे नव्हता. मी विचारलं, केवढा होता? त्यांनी दोन हात समोर धरले. मी वर्गातली लाकडी फूटपट्टी आणली आणि त्यांची वीत मोजली, बावीस सेंटीमीटर. दोन वितींचे चव्वेचाळीस, भागिले पस्तीस, साडेबारा मिलिमीटर. आखीव वहीचं एक पान फाडलं, साडेबारा मिलिमीटर रुंदीची पट्टी कापली, फेव्हिकॉल लावून नळीवर मध्यभागी गुंडाळत गेलो. काका ‘अजून’ म्हणत होते, मी गुंडाळत होतो. त्यांनी ‘पुरे’ म्हटल्यावर थांबलो. वाळल्यावर फेव्हिक्विक पाजलं. मुरलं की कागद प्लास्टिकसारखा घासता येतो. पॉलिश पेपरने दोन्ही कडा उतरवल्या. रंग द्यायला वेळ नव्हता. त्या वर्षी माझा हिरवा रणगाडा नळीवर निळ्या रेघांचा पांढरा फुगवटा घेऊन बाकावर बसला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला काकांनी स्वतः तो फुगवटा समजावून सांगितला. माझ्या रणगाड्यावर आज सहा देशांतून आलेले भाग आहेत. त्यात मला सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो, आणि तो आमच्या शाळेच्या वहीचा आहे.

दुसरी आठवण पीटी-७६ रणगाड्याची. गरीबपूरच्या लढाईचा देखावा करायचं मंडळाने ठरवलं. २१ नोव्हेंबर १९७१, भारताच्या ४५ कॅव्हलरीचे पीटी-७६ आणि समोर पाकिस्तानचे चॅफी रणगाडे. पूर्व बंगालची ओली काळी जमीन कुठून आणायची? जांभ्याची माती चाळून लावणारे आमच्याकडे बरेच, पण ती लाल धूळ बंगालला शोभत नाही, आणि मला विचाराल तर पंजाबलाही नाही. हा वाद दर वर्षी होतो आणि दर वर्षी मी याच बाजूला असतो. या देखाव्याला मात्र आमच्या खाडीचा गाळ नेमका लागू पडला. वाळवला, कुटला, तलम कापडातून गाळला, फेव्हिकॉलमध्ये कालवून चाकांना लावला. पीटी-७६ पाण्यावर तरंगतो, पुढे उघडणारी एक फळी असते. ती कशाला, हे सांगायला आम्हाला पुस्तक लागलं नाही. आठवीतल्या एका मुलाचे वडील मासेमारीला जाणारे, ते बघून लगेच म्हणाले, “नाळेर पाणी चढू नये म्हणान.” नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक.

पाणी दाखवायला त्याच वडिलांनी होडी सांधायचं रेझिन दिलं. संमेलनाच्या आदल्या रात्री आम्ही ते देखाव्यातल्या ओढ्यात ओतलं. खाली पाया थर्माकोलचा होता. होडीचं पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल खातं, हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ओढा डोळ्यांदेखत खचत गेला, काठावरचा पीटी-७६ नाक खुपसून आत गेला आणि वासाने डोळे झोंबायला लागले. रात्रीचे अकरा वाजले होते. बाहेर रंगमंचावर नाटकाची तालीम चालू होती. सरांनी शांतपणे खिडक्या उघडल्या आणि प्लायवूडचा तुकडा शोधायला लावला. प्लायवूडवर प्लास्टर, प्लास्टरवर फेव्हिकॉलचे दोन हात, त्यावर गाळ. कोणाच्या तरी वहिनींनी घावणे आणि चहा पाठवला. सकाळी सात वाजता देखावा उभा होता, पाण्याशिवाय, नुसत्या चिखलाचा. काकांनी तो बघून नोव्हेंबरातल्या ओल्या शेतासारखाच आहे म्हटलं, आणि आम्ही सगळे जमिनीवर बसून झोपलो.

एकदा मंडळाने अहमदनगरला सहल नेली, आता अहिल्यानगर. तिथलं रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झालं. १९६५मध्ये हाती लागलेल्या पॅटनसमोर उभं राहिलं की आपण बाकावर किती लहान वस्तू करतो ते अंगावर येतं. मी ओतीव टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, तळहात ठेवला होता. गुळगुळीत नाही, खरखरीत, भाकरीच्या पाठीसारखं. परत आल्यावर माझ्या टरेटवर पातळ केलेली पुटी आखूड केसांच्या ब्रशने ठोकून ठोकून लावली. त्या वर्षीचा नवा भाग तो.

आता मंडळात नवी मुलं आहेत. दहावीतल्या एका मुलीने गेल्या वर्षी संगणकावर आरेखन करून थ्रीडी प्रिंटरवर अवजारपेटीच्या क्लिपा छापून आणल्या, एकेक तांदळाच्या कणीएवढी. पितळेपेक्षा सरस आहेत, हे मी मनापासून सांगतो. तिने मला पाच दिल्या. त्या मी मागच्या पेट्यांना बसवल्या.

गेल्या डिसेंबरात काका आले ते नातवाचा हात धरून. डोळ्यांनी फारसं दिसत नाही आता. माझ्या बाकापाशी थांबले, सवयीने वाकले, मग सरळ झाले आणि म्हणाले, “हात लावू काय रे?”

मी पाटी उचलून बाकाखाली ठेवली. काकांनी तर्जनी नळीच्या टोकाला टेकवली आणि हळूहळू मागे आणत गेले. मधल्या फुगवट्यावर बोट थांबलं. त्याला एक फेरा घातला. मग टरेट, झाकण, डावीकडचं धुराडं, मागची पिंपं, चिखलात रुतल्यावर बाहेर काढायला लागणारा ओंडका. तो जास्वंदीच्या वाळक्या काडीचा आहे. सगळं सावकाश. पेट्यांवरून बोट जाताना एकदम थांबलं.

“हयसरची क्लिप सुटली हा,” काका म्हणाले.

मी बॅटरी लावून बघितलं. पाचातली एक खरंच नव्हती, गाडीत कुठेतरी पडली असणार. त्या मुलीला निरोप पाठवला आहे, तिने दोन छापून ठेवल्या आहेत, एक जास्तीची. दिवाळी झाली की वारा फिरेल, मग बसवायची.