युरोपात उन्हाळ्यात आर्ट एक्झिबिशन्स बघायची तर: माझा अनुभव

आधी एक्झिबिशन, मग तिकीट, मग विमान, मग हॉटेल. लोकांना हा क्रम उलटा वाटतो पण मी आणि आईने या उन्हाळ्याची ट्रिप अशीच आखली आणि पुढेही अशीच आखणार. कारण सांगते. २०२३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये सतराव्या शतकातल्या व्हर्मीर या डच चित्रकाराचं प्रदर्शन होतं, त्याची सगळी मिळून जेमतेम ३७ चित्रं आज माहीत आहेत त्यातली २८ एका जागी, असं आधी कधीच झालं नव्हतं. प्रदर्शन सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत तिकिटं सगळी संपली, जूनपर्यंतची! आणि त्याच्या चित्रातली मोत्याचं कानातलं घातलेली ती प्रसिद्ध मुलगी तर प्रदर्शन चालू असतानाच मार्चअखेर तिच्या घरी म्हणजे द हेगला परत गेली, म्हणजे मे महिन्यात हौसेने पोचलेल्यांना ती तिथे दिसलीच नाही. बातम्या वाचतानाच मी ठरवलं होतं की आपण जाऊ तेव्हा तारखा चित्रांच्या सोयीने धरायच्या.

कायमचा संग्रह आणि तात्पुरतं प्रदर्शन हा फरक बऱ्याच जणांच्या डोक्यात नसतो. कायमचा संग्रह पुढच्या वर्षीही तिथेच असतो (बहुतेक, कारण चित्रं दुसऱ्या म्युझियमला उसनी जातात, साफसफाईला जातात). तात्पुरत्या प्रदर्शनासाठी मात्र दहा देशांतून चित्रं आणलेली असतात, तीन-चार महिने शेजारी-शेजारी लागतात आणि मग पांगतात. म्हणून माझं मत असं की उन्हाळ्याच्या ट्रिपमध्ये प्रत्येक शहरात एक तात्पुरतं प्रदर्शन पक्कं करावं आणि बाकीचं त्याच्या भोवती बसवावं. मी प्रत्येक म्युझियमच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन तारखा कागदावर उतरवल्या, कुठलं कधी संपतंय ते पण, कारण दोन प्रदर्शनांच्या मधे काही आठवडे ती दालनं बंद असतात आणि नेमके तेच आठवडे आपल्या वाट्याला येऊ शकतात. तिकीटाचंही नीट वाचायचं, कुठे प्रदर्शन मुख्य तिकिटातच असतं, कुठे वेगळे पैसे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत कायमचा संग्रह फुकट आहे पण मोठ्या प्रदर्शनाला तिकीट लागतं. आणि सर्चमध्ये सगळ्यात वर येणाऱ्या साइट्स बऱ्याचदा दलालांच्या असतात, जास्त पैसे घेतात, तर वेबसाइटचा पत्ता नीट बघूनच कार्ड काढा.

लंडनमधलं माझं सगळ्यात आवडतं म्हणजे रॉयल अकॅडमी या कलाकारांच्या संस्थेचं समर एक्झिबिशन. १७६९ पासून एकही वर्ष न चुकता होतंय, २०२० मध्ये कोविडमुळे ते हिवाळ्याच्या तोंडावर ढकललं पण भरवलंच. यात कोणीही आपलं काम पाठवू शकतं, नावाजलेला असो की अगदी नवखा, अकॅडमीचे मेंबर त्यातून निवडतात आणि मग भिंती खालपासून वरपर्यंत भरून टाकतात. बहुतेक कामं विकायला असतात. आईला हे फार भावलं, म्हणाली इथे कोणी मला शिकवत नाहीये, मला आवडलं ते मी बघतेय. खरंय तिचं. मोठ्या म्युझियममध्ये आपण "हे ग्रेट आहे" हे आधीच ठरवून उभे असतो, इथे शेकडो अनोळखी चित्रांपुढे स्वतःची नजर वापरावी लागते, आणि आम्ही दोघींनी आपापली तीन चित्रं निवडायची असं ठरवलं तर एकही सारखं निघालं नाही, त्यावर दुपारभर बोलत होतो.

याच प्रदर्शनातला १८३२ चा किस्सा मी तिला तिथेच सांगितला. टर्नर या इंग्लिश चित्रकाराचं समुद्राचं करड्या रंगाचं चित्र आणि शेजारी कॉन्स्टेबल या दुसऱ्या इंग्लिश चित्रकाराचं वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचं चित्र, त्यात लाल आणि सोनेरी रंगांची रेलचेल. प्रदर्शनाच्या उद्घाटनाआधी चित्रकारांना शेवटचा हात फिरवायला दिवस मिळायचे, तेव्हा टर्नर आला, दोन्हीकडे बघितलं, आपल्या समुद्रावर लाल रंगाचा एक ठिपका लावला आणि निघून गेला. नंतर त्या ठिपक्याचा त्याने बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) केला. शेजारचं एवढं खपून काढलेलं चित्र त्या एका ठिपक्याने फिकं पडलं. चित्र कशाच्या शेजारी लागतं यावर काय काय अवलंबून असतं ते मला या किश्श्यातून जेवढं कळलं तेवढं कुठल्या पुस्तकातून नाही कळलं, आणि प्रदर्शनं मुद्दाम बघायची ती याचसाठी.

तिथून ट्रेनने अ‍ॅमस्टरडॅम. व्हॅन गॉग म्युझियमचं तिकीट फक्त ऑनलाइन, वेळेच्या स्लॉटसकट, दारात जाऊन मिळत नाही. आम्ही सकाळचा पहिला स्लॉट घेतला आणि गर्दी खालच्या मजल्यावर अडकायच्या आत सरळ वर जाऊन उलटे खाली आलो, हे फार चांगलं झालं. फुललेल्या बदामाच्या फांद्यांचं चित्र व्हॅन गॉगने १८९० मध्ये आपल्या भावाच्या, थिओच्या, नवजात मुलासाठी काढलं, आणि त्याच मुलाच्या आईने, योहानाने, दीर आणि नवरा सहा महिन्यांच्या अंतराने गेल्यावर ती सगळी चित्रं सांभाळली, प्रदर्शनं भरवली, पत्रं छापली. ती नसती तर हे म्युझियमच नसतं. आई तिच्याबद्दलच्या मजकुरापाशी खूप वेळ थांबली होती.

राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचं "नाइट वॉच" हे चित्र सध्या काचेच्या खोलीत आहे, २०१९ पासून सगळ्यांसमोर त्याचा अभ्यास आणि दुरुस्ती चालू आहे. काही जण म्हणतात मग काय बघायचं, मी म्हणते आत्ताच बघा! काम चालू असेल तर रेस्टोरर (चित्रं दुरुस्त करणारी) मंडळी कॅनव्हासच्या अगदी जवळ बसून कामात गढलेली दिसतात आणि चित्र ही एक वस्तू आहे, म्हातारी होणारी, जखमा झालेली (१७१५ मध्ये जागेत बसवायला कडा कापल्या, १९७५ मध्ये एकाने सुरीने वार केले) हे तेव्हा खरं वाटतं.

पण वेळ कमी असेल तर मी तुम्हाला द हेगचं मॉरित्सहाउस म्युझियम सांगेन. छोटं आहे, अर्ध्या दिवसात निवांत होतं, पाय दुखत नाहीत. सगळे मोत्याचं कानातलं घातलेल्या त्या मुलीपुढे उभे असतात (१८८१ च्या लिलावात ती तेव्हाच्या डच चलनात २ गिल्डरला गेली होती, वर ३० सेंट), तिला बघाच, पण फॅब्रिशियस या चित्रकाराचा छोटासा गोल्डफिंच पक्षी आणि व्हर्मीरचं डेल्फ्ट शहराचं दृश्य ही दोन जोडीने बघा. पक्ष्याचं चित्र १६५४ चं, त्याच वर्षी डेल्फ्टमध्ये दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि फॅब्रिशियस त्यात गेला, वय अवघं ३२. आणि काही वर्षांनी व्हर्मीरने काढलेलं तेच शहर, शांत, उन्हात. माहीत असलं की दोन्ही चित्रं वेगळी दिसायला लागतात.

पॅरिसमध्ये सुट्टीचे वार पाठ करा: लूव्र आणि ऑरांजरी ही म्युझियम मंगळवारी बंद, ऑर्से म्युझियम सोमवारी बंद. ऑर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं, संध्याकाळी सहानंतर ग्रुप टूर गेलेल्या असतात तेव्हा जा. लूव्रचं तिकीट जानेवारी २०२६ पासून युरोपियन इकॉनॉमिक एरियाच्या (युरोपियन युनियन आणि आणखी काही देश) बाहेरच्या लोकांना, म्हणजे आपल्यालाही, ३२ युरो झालंय, म्हणून तिथे जायचं तर दोन-तीनच विभाग ठरवून जा, सगळं बघायचा हट्ट धरला तर काहीच दिसत नाही.

ऑरांजरी मात्र चुकवू नका. मोने या फ्रेंच चित्रकाराने कमळांची ती प्रचंड चित्रं पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा देशाला देऊ केली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी काढत राहिला, आणि १९२७ मध्ये ती दोन लंबगोल दालनांत लागली तेव्हा तो हयात नव्हता. आठ चित्रं, सगळी मिळून शंभर मीटरच्या आसपास. छतातून खरा उजेड येतो, मधली चाळीसेक वर्षं वर मजला बांधल्यामुळे तो अडला होता, २००६ च्या नूतनीकरणात परत मिळाला. म्हणून इथे दिवसाउजेडीच जायचं आणि मधल्या बाकावर निदान अर्धा तास बसायचं, ढग आला की पाण्याचा रंग बदलतो, मी थापा मारत नाहीये. आम्ही तिथे फोटो काढायचे नाहीत असं ठरवलं होतं आणि ते पाळलं.

थोडं व्यवहाराचं. मोठी बॅग बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, प्रवासाच्या दिवशी म्युझियम ठेवूच नका. दिवसाला एकच मोठं म्युझियम. आईसारखं कोणी बरोबर असेल तर राइक्सम्युझियम, लूव्र अशा ठिकाणी व्हीलचेअर मिळते, लाजू नका, मागा. एका ठिकाणी आमचा स्लॉट ट्रेनच्या उशिरामुळे हुकत होता, तर काउंटरवरच्या बाईंना तिकीट दाखवून सरळ विचारलं आणि त्यांनी पुढच्या स्लॉटमध्ये सोडलं. तिकिटं संपलेली दिसली तरी रोज सकाळी साइट बघत राहा, रद्द झालेली परत येतात, आम्हाला एक तसंच मिळालं.

आता पुढचं माझं लक्ष जर्मनीतल्या कासेलवर आहे, तिथे दर पाच वर्षांनी डॉक्युमेंटा हे आजच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरतं, शंभर दिवस, अख्ख्या शहरात पसरलेलं, आणि पुढचं १२ जून ते १९ सप्टेंबर २०२७ आहे. हॉटेलं तिथे कमी आहेत म्हणे, त्यामुळे कोणी आधी जाऊन आलं असेल तर राहायचं कुठे ते नक्की सांगा.