गंधार लागला, पण ट्यूनरची सुई अजून लालच

भूप रागातला गंधार, म्हणजे 'सा रे ग'मधला 'ग', एकदाचा लागला. गाणं शिकवणाऱ्या ताईंनी डोळे मिटले आणि पुढचा पलटा सांगायचंच विसरल्या, म्हणजे लागलाच समजायचं. आणि त्याच गंधाराच्या रेकॉर्डिंगवर फोनमधल्या ट्यूनरची, म्हणजे स्वर मोजणाऱ्या ॲपची, सुई लाल! १४ सेंट खाली म्हणे (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट).

मागच्या नोंदीत मी जिथे अडलो होतो, ते कोडं हेच. घरी पेटीशी जुळवलेला, ट्यूनरने हिरवा दाखवलेला गंधार घेऊन शिकवणीला जायचं आणि ताईंनी लगेच म्हणायचं, "चढा लागतोय रे." त्या सांगतील तसा उतरवला की घरी सुई पुन्हा लाल. दोघांचंही ऐकायचं तर गाणंच बंद ठेवावं लागलं असतं.

उलगडा आकड्यांत आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तो ठाऊक असेल, तरी माझ्या पट्टीत मांडून बघितल्यावरच तो मला नीट पटला. काळी एक ही माझी पट्टी, तिचा मध्य षड्ज, म्हणजे मधल्या सप्तकातला 'सा', धरला १३८.६ हर्ट्झ. पेटीचं सप्तक बारा समान भागांत कापलेलं, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार १७४.६ वर येतो. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे १७३.२. फरक जेमतेम १.४ हर्ट्झचा, पण कानाला तो मोठा वाटतो. प्रत्येक स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे बारीक उपस्वरही वाजत असतात. षड्जाचा पाचवा उपस्वर आणि गंधाराचा चौथा उपस्वर एकमेकांवर बसायला हवेत. पेटीचा गंधार घेतला तर ते बसत नाहीत आणि सेकंदाला जवळपास साडेपाच वेळा आवाज थरथरतो. ताईंना 'चढा' म्हणून खुपत होती ती ही थरथर. ट्यूनर तंबोरा ऐकतच नाही. त्याच्यापुढे फक्त बारा खुणा असतात.

आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती, तेव्हाच्या आक्षेपांत हे समान सप्तक होतं आणि पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही हेही होतं. बंदी मला टोकाचीच वाटते, रंगलेल्या मैफलीत पेटीची साथ किती भरीव असते ते आपण सगळेच ऐकतो. पण गंधार शिकताना पेटी समोर नको, हे माझं मत आता पक्कं झालंय.

कारण कळलं म्हणून गळ्यातून स्वर निघाला असं मात्र नाही. इथे शिकवणीचे पैसे वसूल झाले. ताईंनी मला बराच वेळ गाऊच दिलं नाही. तंबोऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'च्या, तारेखाली जवारीचा (नाद खुलवणारा) दोरा सरकवत राहिल्या आणि म्हणाल्या, "तार काय म्हणतेय ते ऐक. गंधार तीच सांगेल." आधी नुसता गुंजारव. दोरा एका जागी आला आणि त्या गुंजारवात वर, बराच वर, बारीक गंधार उभा राहिला. एकदा ऐकू आला की मग ऐकू येणं थांबतच नाही. त्यानंतर ओठ मिटून तो स्वर हुंकारात धरायचा, धरूनच हळूहळू तोंड उघडून आकारात, म्हणजे 'आ'वर, आणायचा. षड्जावरून उडी मारून जायचं नाही, पंचमावरून ('प'वरून) मींडेने खाली उतरायचं. आणि सगळं अर्ध्या आवाजात. जोर लावला की फुप्फुसांकडून येणाऱ्या हवेचा दाब वाढतो आणि स्वर चढतो. माझा गंधार मोठ्या आवाजात हमखास वर का सरकत होता, त्याचा अर्धा हिशोब यातच लागला.

उरलेला अर्धा जबड्यात होता. 'ए'वर गंधार ठीक, 'आ'वर तोच ताठ. हे मला एकट्याला कधीच उमगलं नसतं. आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दोन्हीकडून ऐकू येतो, त्यामुळे आत बसून ऐकणाऱ्याला बाहेरचा आवाज पूर्ण कळत नाही. शिवाय समोर बसलेल्या माणसाला कानाखालचा ताणलेला स्नायू दिसतो, फोनला दिसत नाही. ताईंनी हनुवटीखाली बोट धरलं, "इथे मऊ," एवढंच म्हणाल्या, आणि आकार सुटला.

साधनांबद्दल थोडं. फोनचा स्पीकर तंबोऱ्यासाठी बाद. काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, इवल्याशा स्पीकरमधून तो निघतच नाही, नुसती वरची झणझण येते. हेडफोन किंवा जरा मोठा स्पीकर घ्या. रेकॉर्डिंगला मी हेडफोन एकाच कानावर ठेवतो: माइकमध्ये फक्त गळा जातो आणि दुसऱ्या कानाने स्वतःला ऐकता येतं. स्वराच्या आलेखासाठी 'प्राट' हे संगणकावरचं सॉफ्टवेअर वापरतोय. ते मोफत आहे, दिसायला रुक्ष आहे, पण सुई दाखवून धमकावत नाही. नुसती रेघ काढतं, त्या रेघेचा अर्थ आपण लावायचा. ट्यूनरमध्ये समान सप्तकाऐवजी दुसरी स्वरव्यवस्था निवडायची सोय असेल तर ती बघा. माझ्याकडच्यात नाही, म्हणून तो आता फक्त षड्ज तपासायला.

छोट्या आनंदांपैकी एक: 'सा रे ग, प ग, ध प ग रे सा' हे सगळं आता संथ लयीत एका श्वासात बसतं, आणि रियाज संपल्यावर घसा खरखरत नाही. घसा का सुधारला त्यावर वेगळं लिहायला हवं, इथे नको.

पुढे यमन सुरू करायचा बेत होता. पण हे लिहिता लिहिता 'प्राट'मध्ये धैवत ('ध') बघितला आणि बेत फिरला. शुद्ध धैवत षड्जाच्या ५/३ पट हवा, म्हणजे पेटीच्या धैवतापेक्षा १६ सेंट खाली. माझी रेघ अजून पेटीलाच चिकटलेली आहे! तंबोऱ्यात धैवत गंधारासारखा सहज सापडत नाही. पण मंद्र (खालच्या सप्तकातला) धैवत ते मध्य गंधार हे अंतर षड्ज-पंचमाचंच आहे. मग लागलेल्या गंधारावरून पंचमाच्या अंतराने खाली उतरलं तर मंद्र धैवत हाताशी यायला हवा, आणि भूपात 'सा ध़, सा रे ग' ही जागा मुळात आहेच. यमन थांबेल. उद्या ताईंना विचारतो, बहुतेक त्या म्हणतील की हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. कुणी धैवत असा गंधारावरून बसवला असेल, तर मधल्या रिषभाचं ('रे'चं) काय केलंत ते सांगा. माझा तिथे घसरतोय.