मालकांना विचारलंस का?

ड्रिलवाला मशीन भिंतीला टेकवून उभा. "दादा, भोक कुठं पाडू?"

तेवढ्यात आई ओट्याजवळून धावत आली. "अरे थांब! मालकांना विचारलंस का?"

दोन सेकंद कुणीच काही बोललं नाही. मग ड्रिलवालाच हसला.

मालक तीच आहे. धायरीतल्या या वन बीएचकेच्या इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या सरकारी नोंदीवर, तिचं एकटीचं नाव आहे. (खरं सांगतो, त्यात माझा हिशोबही होता. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं की २०२१ पासून आपल्याकडे मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. आईला मात्र मी "तुझ्यासाठी" असंच सांगितलंय!)

पण तिची चूक नाही. दर ११ महिन्यांनी नवा करार, नवा टेम्पो, आणि प्रत्येक ठिकाणी तीच तंबी: भिंतीला खिळा ठोकायचा नाही, डिपॉझिटमधून कापू. म्हणून बाबांचा फोटो कायम फ्रीजवर, भिंतीला टेकवलेला. कॉम्प्रेसर सुरू झाला की बाबा थरथरायचे. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

जागा ठरवायला तिनं अर्धा तास घेतला. चार ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा. ड्रिलवाला वैतागला, पण चहा घेऊन थांबला बिचारा. शेवटी फोटो लागला कुठं? फ्रीजच्या वरच. दीड फूट उंच, एवढाच फरक.

भुकटी अजून खाली पडलीये. आई झाडू देत नाहीये.

तुमच्या घरातला पहिला खिळा कशासाठी होता?