मऊ फोम घासताना हात हलका का लागतो

मालवण-तारकर्लीकडच्या पर्यटक होड्यांच्या गाद्या असोत की दुचाकीची सीट, फोम आधी सुरीने कापायचा आणि गोलाई घासपेपरची डिस्क लावलेल्या ग्राइंडरने काढायची. लाकूड घासायची सवय असलेला हात इथे हमखास फसतो. लाकूड जागचं हलत नाही. फोम दाबला की बसतो आणि डिस्क पुढे सरकली की पुन्हा वर येतो. डोळ्याला पाच मिलिमीटर उतरल्यासारखं दिसतं, पट्टी लावली तर दोनच उतरलेलं असतं, तेही कुठे कमी, कुठे जास्त.

फोम म्हणजे बारीक काड्यांची जाळी. पेपरवरचा खरखरीत कण वेगाने आदळला तर काडीला वाकायला वेळ मिळत नाही, ती तुटते. हळू आला तर काडी आधी वाकते, ताणते आणि मग फाटते, म्हणून पृष्ठभाग केसाळ होतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो, म्हणजे कडेला सेकंदाला साधारण ५७ मीटर वेग. एवढा वेग साध्या ड्रिलला पॅड लावून मिळत नाही. ग्राइंडरचं वजनही फोमवर टाकू नका. डिस्क नुसती टेकवायची आणि हात सतत फिरता ठेवायचा.

आकारासाठी २४ किंवा ३६ नंबरचा पेपर, शेवटच्या हाताला ६० किंवा ८०. याहून बारीक पेपरने आणखी गुळगुळीत होईल हा गैरसमज आहे. २४ नंबरचा कण जवळपास पाऊण मिलिमीटरचा, १२० चा त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढा. तो फोमच्या छिद्रात बुडतो, भुकटीने बुजतो आणि मग कापण्याऐवजी नुसता रगडतो. रगडलं की तापतं. पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे गादी-सीटचा नेहमीचा) फोम तपकिरी दिसू लागला किंवा जळका वास आला की लगेच थांबा, कारण त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू असतो. ईव्हीए (चपलांच्या तळव्याचा रबरासारखा फोम) तर शंभर अंशांच्या आतच वितळतो आणि वर चकचकीत साय धरतो.

कड सगळ्यात नाजूक. डिस्कची फिरकी कडेवरून बाहेर जाईल अशी धरा. उलट धरली तर कण कडेत शिरून तुकडाच उपटतो. दोन थर चिकटवलेले असतील तर सोल्यूशनची, म्हणजे चिकटवायच्या गोंदाची, रेघ फोमपेक्षा कडक असते. आजूबाजूचा फोम उतरतो आणि रेघ वरंब्यासारखी उभी राहते. म्हणून सांधा शक्यतो गोलाईत येऊ देऊ नये.

घासण्याआधी मार्करने बोटभर अंतरावर आडव्या-उभ्या रेघा मारा. कुठली रेघ आधी पुसली गेली यावरून खड्डा कुठे पडतोय ते कळतं. हाताला हे उशिरा जाणवतं.

आपल्या किनाऱ्यावर जुन्या गादीची आणखी एक अडचण असते. तिच्यात मीठ मुरलेलं असतं आणि मीठ हवेतली ओल ओढत राहतं. ओलसर भुकटीचे गोळे होऊन पाच मिनिटांत पेपर भरतो. अशी गादी आधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा बुडवून पिळा. वाळवायची सावलीत, वाऱ्यावर, कारण उन्हात पीयू पिवळा पडतो. वाळू राहिली असेल तर झटकून काढा. पावसाळ्यात जाड तुकडा वरून कोरडा लागला तरी आत ओल असते. मधे सुरीने चीर देऊन बोट घालून पाहा.

सोल्यूशनचा वास पूर्ण जाईपर्यंत ग्राइंडर चालू करू नका. ग्राइंडरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रशपाशी ठिणग्या पडतात आणि त्या वाफेला एक ठिणगी पुरते.