एअरबॅग वेस्ट घालू की नको: बरंच घोळवून शेवटी काय ठरलं

बाईक चालवताना हेल्मेट आहे, ग्लोव्ह्ज आहेत, बूट आहेत, कोपर-खांद्याला प्रोटेक्टर असलेलं जॅकेट आहे, मग आता त्याच्यावर अजून एक, अपघात होताना फुगणारी बंडी चढवायची का, यावर माझं बरेच महिने घोळत होतं. मित्रांना विचारून काही फायदा नाही. एक म्हणतो घेऊन टाक रे डोळे झाकून, दुसरा म्हणतो एवढी भीती वाटते तर कार चालव ना. मला दोघांचंही पटलं नाही म्हणून स्वतःच बसून वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता लक्षात आलं की वेळेवर फुगलेलं वेस्ट मार कमी करतं यावर फारसा वादच नाहीये. घोळ आहे तो ते कधी फुगतं आणि आपल्या अंगावर खरंच रोज असतं का याचा.

आधी जे अंगावर आहे त्याचं बघू. जॅकेट घेताना आपण कोपर, खांदे चाचपून बघतो आणि पाठीच्या खिशात हात घातला तर बऱ्याचदा नुसता फोमचा तुकडा निघतो. छातीला तर बहुतेक जॅकेटांत काहीच नसतं. पाठीच्या प्रोटेक्टरसाठी ईएन १६२१-२ नावाचं युरोपियन स्टँडर्ड आहे, त्यात ठराविक जोराचा ठोका मारून पलीकडे किती बल पोचतं ते मोजतात, लेव्हल १ ला सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत (हे बल मोजायचं एकक) चालतं आणि लेव्हल २ ला ९. म्हणजे लेबलवरच्या एका आकड्याने पाठीला बसणारा मार निम्मा होतो, आणि हे बघायचे कष्ट आपल्यातले कितीजण घेतात? त्यामुळे ज्याच्याकडे लेव्हल २ चा बॅक प्रोटेक्टरही नाही त्याने एअरबॅगच्या आधी तो घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. टायर गुळगुळीत झालेत आणि एअरबॅगच्या गप्पा चालल्यात, असेही नग असतात, ते सोडा.

बरं, मग एअरबॅग जास्त काय देते? फोम किंवा कडक प्रोटेक्टर दीड-दोन सेंटीमीटरचा असतो, तेवढ्यात तो किती मार गिळणार. एअरबॅग फुगली की तीच जाडी बरीच वाढते, छाती, बरगड्या, पाठ, पोटाचा काही भाग सगळं एकदम झाकलं जातं, आणि मानेभोवतीची कॉलर फुगून हेल्मेटला आधार देते त्यामुळे मान वेडीवाकडी झटकली जात नाही. हे मानेचं काम रस्त्यावरचं नेहमीचं गिअर धड करत नाही. डोकं हेल्मेटने सांभाळलं तरी छातीच्या आत जे आहे, फुफ्फुसं, यकृत, प्लीहा, तिथला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही आणि माणूस उठून बसतो, बोलतो, आणि नंतर कोसळतो. मला सगळ्यात जास्त पटलेला मुद्दा हाच. पायांसाठी मात्र यात काही नाही, हातांसाठी नाही, डोक्यासाठी तर नाहीच. बाजूने गाडीने ठोकलं तर पहिला मार पायावरच येतो, तिथे वेस्ट काय करणार.

लोक मोटोजीपीचं, म्हणजे बाईकच्या जागतिक शर्यतींचं उदाहरण देतात. २०१८ पासून तिथे रायडरच्या सूटमध्ये एअरबॅग सक्तीची आहे, आणि ती चालते हे आपण टीव्हीवर बघतोच, पडलेला माणूस खांदे फुगलेल्या सूटमध्ये उठून चालायला लागतो. पण ट्रॅकवर माणूस घसरतो किंवा हवेत उडतो आणि नंतर आपटतो, समोर मोकळी जागा ठेवलेली असते, म्हणजे फुगायला वेळ मिळतो. रस्त्यावर समोर अचानक वळलेली कार असते, डिव्हायडर असतो, खांब असतो. त्यामुळे ट्रॅकचा पुरावा रस्त्याला जसाच्या तसा लावता येत नाही हे मला वेस्ट विकणाऱ्यांच्या तोंडून ऐकायला आवडलं असतं.

आता मुख्य गंमत. वेस्टचे दोन प्रकार. एकात दोरी असते, लोक टेदर म्हणतात, तिचं एक टोक गाडीला सीटजवळ अडकवायचं आणि दुसरं वेस्टला क्लिप करायचं. तुम्ही गाडीवरून फेकले गेलात की दोरी ताणली जाते, वेस्टमधली चावी (गाडीची नव्हे, आतली पिन अडवून धरणारा खटका) निघते, आतली पिन कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या सिलिंडरला भोक पाडते आणि वेस्ट फुगतं. बस. बॅटरी नाही, ॲप नाही. दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक, त्यात ॲक्सिलरोमीटर (वेगातला बदल मोजणारा), जायरोस्कोप (कलणं-वळणं मोजणारा), काहींत जीपीएस, हे सतत अंगाची हालचाल मोजत राहतं आणि त्याच्या हिशोबाने अपघात होतोय असं वाटलं की फुगवतं.

इथे थोडं गणित करा. ५० किमीच्या स्पीडला आपण सेकंदाला जवळपास १४ मीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात १.४ मीटर. टेदरवाल्या वेस्टला दोरी ताणल्यापासून पूर्ण फुगायला साधारण तेवढा, म्हणजे १०० मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि त्याच्या आधी दोरी ताणली जाईपर्यंतचा वेळ वेगळा, कारण सीट सोडून थोडं पुढे गेल्याशिवाय ती ताणतच नाही. आणि आपली छाती ते पुढच्या चाकाचं टोक हे अंतर किती? सव्वा-दीड मीटर पकडा. म्हणजे समोरच्या गाडीवर सरळ आदळलात तर टेदरवालं वेस्ट फुगत असतानाच तुम्ही त्या गाडीपर्यंत पोचलेले असाल. इलेक्ट्रॉनिकचं घड्याळ मात्र पहिल्या धक्क्यालाच सुरू होतं, तुम्ही सीटवर असतानाच, त्यामुळे या प्रकारच्या अपघातात तेच सरस, यात मला शंका नाही. टेदरची ताकद दुसऱ्या आदळण्यात आहे, म्हणजे उडून रस्त्यावर पडता तेव्हा. आणि गाडीसकट घसरलात, गाडीखालीच पाय अडकून तिच्यासोबत फरफटत गेलात तर टेदर ताणला जाईलच असं नाही.

मग इलेक्ट्रॉनिकच घ्या ना, संपला विषय? मलाही आधी तसंच वाटलं. पण ते चार्ज करावं लागतं, ऑन आहे का बघावं लागतं, फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागतं. काहींचा तर मेंदू, म्हणजे कधी फुगायचं ते ठरवणारा भाग, सबस्क्रिप्शनवर असतो, पैसे भरणं थांबलं की काही दिवसांनी तो काम करायचं थांबतो, हे वाचून मी खुर्चीत जरा मागेच सरकलो. सुरक्षेची वस्तू हप्ता चुकला म्हणून झोपणार, ही कल्पनाच मला पचत नाही. शिवाय एकदा फुगल्यावर काही मॉडेल घरी रिचार्ज होतात, काही कंपनीकडे पाठवावे लागतात, आणि तेवढे दिवस तुम्ही वेस्टशिवाय.

मी कसा माणूस आहे ते मला माहितीये. माझा फोन संध्याकाळी लाल रेषेवर असतो, हेडसेट चार्जिंगला लावायचा राहतो. असल्या माणसाच्या हातात चार्जिंगवालं वेस्ट म्हणजे भिंतीवरचा बंद पडलेला फायर अलार्म. टेदर क्लिप करायला विसरणं शक्य आहे हे मान्य, पण ती दोरी मांडीजवळ लोंबकळत असते, दिसते, आणि गाडीच्या चावीकडे जातो तसा हात सवयीने तिकडेही जायला लागतो. क्लिप न काढता उतरलात तर लगेच फुगत नाही, बराच जोर लागतो, आधी नुसता हिसका बसून आठवण होते. तरी तावातावाने उडी मारून उतरणाऱ्यांनी एक सिलिंडर जादा ठेवावा.

घालायचं कसं यावरही बराच वेळ गेला. जॅकेटच्या आतलं वेस्ट दिसायला चांगलं, पण त्याला फुगायला जागा हवी, घट्ट जॅकेट असेल तर ते बाहेर न फुगता आत छाती आवळतं. आणि गरम होतं, खूप गरम होतं. बाहेरून घालायचं वेस्ट कुठल्याही जॅकेटवर चढतं, त्यावर चमकणाऱ्या पट्ट्या असतात, गरज नसेल तेव्हा काढून ठेवता येतं. फक्त त्याच्यावर सॅक लावायची नाही, पट्ट्यांनी फुगणं अडतं. लॅपटॉप पाठीवर नेणाऱ्यांसाठी हा मोठा अडथळा आहे, मला टेल बॅग, म्हणजे सीटच्या मागे बांधायची बॅग, घ्यावी लागली.

एअरबॅग घातली की माणूस बेफिकीर चालवतो असाही एक युक्तिवाद असतो. असेल काहींच्या बाबतीत. मला विचाराल तर दर वेळी निघताना दोरी अडकवणं म्हणजे दर वेळी आठवण की पडू शकतो.

तर ठरलं ते असं: बाहेरून घालायचं, टेदरवालं, आतल्या जॅकेटमध्ये लेव्हल २ चा बॅक प्रोटेक्टर तसाच. दोरीची लांबी फुटरेस्टवर उभं राहता येईल एवढी, त्याहून जास्त नाही. सिलिंडरवर त्याचं वजन छापलेलं असतं, तेव्हा अधूनमधून वजनकाट्यावर ठेवून बघायचं, कमी भरलं तर गॅस गळतोय, बदलायचा. रोज हायवेवर जास्त स्पीडने जाणाऱ्याने आणि चार्जिंगची शिस्त असणाऱ्याने इलेक्ट्रॉनिक घ्यावं, त्याला मी टेदर घे म्हणणार नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. बायको मागे बसते तेव्हा तिच्यासाठी वेगळं वेस्ट आणि वेगळी दोरी लागणार, ती मागच्या ग्रॅब रेलला, म्हणजे मागे बसणाऱ्याने धरायच्या दांड्याला, बांधायची का सीटच्या पट्ट्याला यावर आमचं एकमत व्हायचंय, आणि "तू फुगशील तेव्हा मी कुठे जाणार" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही.